मंडळाच्या सर्व्हरवरची तुमची मेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या मेल सर्व्हरवर ज्यांची खाती आहेत, त्यांच्यासाठी हे पान आहे. सर्व्हर मी सांभाळतो. पगारी काम नाही, मंडळाचं काम म्हणून करतो. खालचे प्रश्न मी बसून तयार केलेले नाहीत. कोणी रामबागेत रस्त्यात थांबवून विचारले, कोणी गणपतीच्या मांडवात, तर एकांनी कोजागरीच्या दुधाचा पेला हातात देता देता. दर वेळी घाईत अर्धंमुर्धं उत्तर दिलं गेलं. आता सगळं नीट लिहून ठेवतो.

खरं सांगा, आमची मेल तुम्ही वाचू शकता का?

हो.

तुम्हाला आलेली प्रत्येक मेल सर्व्हरच्या डिस्कवर एक साधी फाइल म्हणून पडून असते. तुमच्या नावाचा एक फोल्डर, त्यात नव्या मेलचा वेगळा, वाचून झालेल्यांचा वेगळा. माझ्याकडे 'रूट' खातं आहे, म्हणजे त्या यंत्रावर मला कुठलंच दार बंद नाही. तुमची फाइल उघडायला तुमचा पासवर्ड लागत नाही. मी ती उघडली तरी तुमच्याकडे ती 'न वाचलेली'च दिसत राहील, तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

एवढंच नाही. आपल्या सर्व्हरवर मेलची ने-आण पोस्टफिक्स नावाचा प्रोग्राम करतो. त्याच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकली की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत गुपचूप दुसऱ्या खात्यात जमा होऊ लागते. ही सोय चोरून वाचणाऱ्यांसाठी केलेली नाही. कचेऱ्यांना जुना पत्रव्यवहार जपून ठेवावा लागतो, त्यासाठी ती आहे. पण आहे.

वाचू शकता हे कळलं. वाचता का?

नाही. पण एकदा वाचली गेली आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हे पान लिहिण्याचा मला अधिकार नाही.

एकदा दिवसभर बाहेर जाणाऱ्या मेल रांगेत अडकून पडल्या होत्या. कारण शोधायला मी रांगेतली एक मेल उघडून पाहिली. त्यासाठीचा नेहमीचा आदेश पत्ते दाखवतो आणि खालचा मजकूरही दाखवतो. मला पत्तेच हवे होते. पण मेल रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठीत होती, पडद्यावर सरळ वाचता येत होती, आणि हात कळफलकावर जाईपर्यंत तीन ओळी डोळ्यांखालून गेल्या. आपल्याच एका काकूंनी पुण्याच्या भावाला लिहिलं होतं. गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता, घरात अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी त्या दत्तजयंतीच्या तयारीला भेटल्या, नेहमीसारखं "कसा आहेस रे?" म्हणाल्या, आणि मला त्यांच्याकडे वर मान करून बघवेना. शेवटी त्यांच्या घरी जाऊन जे झालं ते सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तू चांगला आहेस म्हणून ठीक. उद्या दुसरा कोणी असेल. हे बंद कसं करायचं ते सांग." नाव न घालता लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे.

त्या दिवसापासून मी रांग तपासताना फक्त पत्त्यांचा भाग दाखवणारा पर्याय वापरतो. पण ही माझी सवय झाली. "मी वाचत नाही" यावर तुम्हाला विसंबावं लागतं, "मला वाचताच येत नाही" यावर विसंबावं लागत नाही. तुमची मेल पहिल्यातून दुसऱ्यात कशी न्यायची ते पुढे आहे.

पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह दिसतं. मग मेल बंद नसते का?

वाटेत बंद असते, मुक्कामी उघडी असते.

हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे, म्हणून जरा सविस्तर. जुन्या टपालाची आठवण काढा. आपल्याकडे पोस्टकार्ड 1879 मध्ये आलं. 1886 मध्ये होळकर सरकारने इंदूर संस्थानाची स्वतःची तिकिटंही काढली. कार्ड एका डाकघरातून दुसऱ्याकडे जाताना थैलीत जायचं, आणि थैलीला लाखेची मोहर असायची. वाटेत ती कोणी फोडली तर कळायचं. पण प्रत्येक डाकघरात थैली उघडली जायची, कार्डं बाहेर निघायची, आणि तिथे बसलेल्या माणसाला ती वाचता यायची. म्हणून शहाणी माणसं कार्डावर 'इकडील सर्व क्षेम' एवढंच लिहायची. देण्याघेण्याचं, भांडणाचं, मुलीच्या सासरचं लखोट्यात घालायची.

कुलपाचं ते चिन्ह म्हणजे थैलीची मोहर. तुमच्या फोनपासून माझ्या सर्व्हरपर्यंत, आणि बहुतेक वेळा माझ्या सर्व्हरपासून पुण्याच्या माणसाच्या सर्व्हरपर्यंतही, मेल बंद थैलीत जाते. दोन्ही सर्व्हरवर थैली उघडते. आत कार्डच असतं. आणि डाकघरं दोन आहेत हे विसरू नका. मी कितीही सज्जन असलो तरी समोरच्याच्या सर्व्हरवर कोण बसलं आहे ते मला ठाऊक नाही.

मी पासवर्ड फार कठीण ठेवला तर?

जरूर ठेवा, बाहेरच्या चोराला तो अडवतो. मला अडवत नाही.

देवनागरीत लिहिलेली मेल सर्व्हरवर अगम्य अक्षरांत असते असं मुलगा म्हणाला. म्हणजे ती सुरक्षित झाली ना?

मुलगा खरं म्हणाला, पण निष्कर्ष चुकला. मेलची जुनी व्यवस्था इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली. तिच्यातून देवनागरी धड जावी म्हणून मजकूर बहुतेक वेळा एका ठरलेल्या पद्धतीने इंग्रजी अक्षर-अंकांत बदलला जातो. उलटा बदल करायला एक आदेश पुरतो, किल्ली लागत नाही. आपल्या घरांत जुने मोडीतले कागद पडलेले असतात तसंच हे: आपल्याला वाचता येत नाहीत, मोडी शिकलेला माणूस सहज वाचतो.

मग खरा उपाय कोणता?

पत्र लखोट्यात घालायचं, आणि तो लखोटा फक्त घेणाऱ्यालाच उघडता आला पाहिजे. याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन म्हणतात. सर्व्हर मध्ये कितीही असोत, त्यांच्या हाती गिचमिडच लागते.

त्यासाठी प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. नाव 'सार्वजनिक किल्ली' असलं तरी ती खरं म्हणजे कुलूप आहे. असं समजा की तुम्ही एकाच किल्लीची शेकडो उघडी कुलपं बनवून घेतली आणि ओळखीपाळखीत वाटली. ज्याला तुम्हाला काही पाठवायचं असेल तो पेटीला तुमचं कुलूप दाबून लावतो. लावल्यावर त्याला स्वतःलाही ते उघडता येत नाही. उघडणारी 'खाजगी किल्ली' एकच, आणि ती तुमच्या घरच्या संगणकात. ती माझ्या सर्व्हरवर कधीच येत नाही. सगळी मदार या एका गोष्टीवर आहे.

हे नवं नाही. फिल झिमरमन यांनी पीजीपी हा प्रोग्राम 1991 मध्ये लोकांसाठी खुला केला. त्याच धाटणीच्या, फुकट मिळणाऱ्या जीएनयूपीजीची पहिली पक्की आवृत्ती 1999 ची. इतकी वर्षं ते सामान्य माणसाला अवघड जायचं, कारण वेगळे प्रोग्राम जोडावे लागत. 2020 मध्ये थंडरबर्ड या मेल वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्रामच्या 78 व्या आवृत्तीपासून ही सोय आतच आली, आणि माझ्या मते तिथून पुढे 'आम्हाला जमणार नाही' म्हणायचं फारसं कारण उरलं नाही. काकू बहात्तर वर्षांच्या आहेत.

सुरुवात कशी करायची?

घरच्या संगणकावर थंडरबर्ड घ्या, त्यात आपलं खातं जोडा. खात्याच्या सेटिंगमध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' असा भाग आहे. तिथे 'ॲड की' दाबून नवी किल्ली बनवा. मुदत विचारली जाते, तीन वर्षं आधीच भरलेली असते, ती राहू द्या. किल्ली तयार झाली की ज्याच्याशी पत्रव्यवहार करायचा त्याला मेलसोबत आपली सार्वजनिक किल्ली जोडून पाठवा, त्याची मागवून घ्या, ठसा जुळवा (पुढचा प्रश्न पाहा), आणि मग लिहिताना 'एन्क्रिप्ट' दाबा.

एक जागा अशी आहे जिथे बरेच जण अडखळतात. तुम्ही लिहीत असताना मसुदा दर काही मिनिटांनी आपोआप जतन होतो, आणि तो जतन होतो माझ्या सर्व्हरवर. पत्र लखोट्यात गेलं पण कच्चा कागद टेबलावर राहिला, असं होऊ नये. त्याच सेटिंगमध्ये मसुदेही एन्क्रिप्ट करून ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू आहे ना ते पाहा. आणि 'एन्क्रिप्ट' शेवटी नाही, पहिली ओळ लिहिण्याआधी दाबा.

ठसा जुळवणं म्हणजे काय? किल्ली मेलवर आली, ती वापरली, एवढं पुरत नाही का?

माझ्यापासून संरक्षण हवं असेल तर पुरत नाही.

विचार करा. काकू आपलं कुलूप भावाला मेलने पाठवतात. ती मेल माझ्या हातून जाते. मी वाईट माणूस असतो तर काकूंचं कुलूप काढून त्या जागी मी बनवलेलं ठेवलं असतं, नाव मात्र काकूंचंच. भाऊ माझं कुलूप लावून पत्र पाठवतो, मी उघडतो, वाचतो, मग काकूंचं खरं कुलूप लावून पुढे ढकलतो. दोघांनाही पडद्यावर 'सुरक्षित' दिसतं.

हे पकडायला प्रत्येक किल्लीला एक ठसा असतो, साधारणपणे चाळीस अक्षर-अंकांचा, चार-चारच्या दहा गटांत. तो मेलवर तपासायचा नाही. फोनवर, आवाज ओळखीचा असताना, किंवा समोरासमोर.

काकूंनी तो जुळवला तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. रद्दी वहीच्या मागच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने दहा चौकटी आखल्या. फोन स्पीकरवर. भाऊ त्याच्या पडद्यावरून वाचत होता, काकू चौकटीत लिहून मग आपल्या पडद्याशी ताडून बघत होत्या. सहाव्या गटाला गाडी अडली. त्यांना 'डी' ऐकू आलं, पडद्यावर 'बी' होतं. मी घाबरलो, काकू नाही. "बटाट्याचा बी की डमरूचा डी?" त्यांनी विचारलं. "बटाट्याचा," तिकडून उत्तर आलं. पुढचे चार गट बटाटा-डमरू करत झाले. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागली. किल्ली बदलत नाही तोवर हे पुन्हा करावं लागत नाही. जुळल्यावर थंडरबर्डमध्ये ती किल्ली 'स्वतः तपासली' अशी नोंदवून ठेवा.

सगळ्या पानातलं एकच काम करणार असाल तर हे करा. किल्ल्या बनवून ठसा न जुळवणारे मला फार भेटतात.

ब्राउझरमधल्या वेबमेलमधून हेच करता येईल का?

आपल्या वेबमेलमध्ये नाही. वेबमेलचं पान आणि ते चालवणारा कोड दर वेळी माझ्या सर्व्हरवरून तुमच्याकडे येतो. आज चांगला कोड दिला, उद्या तुमची किल्ली चोरणारा दिला, तर तुम्हाला फरक कळणार नाही. आपण जो राउंडक्यूब वापरतो त्याला एनिग्मा नावाची जोड मिळते, पण ती तुमची खाजगी किल्ली सर्व्हरवरच ठेवते. घराची किल्ली चौकीदाराकडे ठेवून चौकीदारापासून बचाव होत नाही. म्हणून ती जोड मी लावलेली नाही, मागणी असूनही.

ही नुसती शंका नाही. कॅनडातली हशमेल ही कंपनी एन्क्रिप्टेड मेल देते म्हणून प्रसिद्ध होती. 2007 मध्ये उघड झालं की न्यायालयाच्या आदेशावरून तिने ग्राहकांच्या मेल उलगडून तपास यंत्रणेला दिल्या होत्या. देता आल्या, कारण उलगडण्याचं काम कंपनीच्याच सर्व्हरवर होत होतं.

ब्राउझरच सोडायचा नसेल तर मेलव्हेलोप ही जोड घ्या. ती किल्ली तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते, माझ्याकडे नाही.

मोबाईलवर?

अँड्रॉइडवर के-नाइन हे मेल ॲप किंवा 2024 मध्ये आलेलं अँड्रॉइडचं थंडरबर्ड, सोबत किल्ल्या सांभाळणारं ओपनकीचेन. आयफोनच्या मेल ॲपमध्ये एस-माइम नावाची वेगळी पद्धत आतच आहे, पण तिला प्रमाणपत्र मिळवावं लागतं. माझा सल्ला: आधी संगणकावर हात बसू द्या.

हे सगळं जमणार नाही. एखादा कागद पाठवण्यापुरतं काही सोपं?

आहे. कागदाची फाइल सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये पासवर्ड घालून बांधा आणि मेलला जोडा. फाइल सेव्हन-झेड प्रकाराची ठेवा आणि आतल्या फाइलींची नावंही लपवण्याच्या चौकटीत खूण करा, नाहीतर 'वाटणीपत्र अंतिम' हे नाव बाहेरून वाचता येतं, आणि कधी कधी नावातच सगळं येतं. पासवर्ड फोनवर सांगा. पुष्कळ जण फाइल एका मेलमध्ये आणि पासवर्ड लगेच दुसऱ्या मेलमध्ये पाठवतात. दोन्ही माझ्याकडे शेजारी शेजारी येऊन पडतात.

आणि पासवर्ड लांब ठेवा, अंदाज न येणारा. बँकांचे आणि विम्याचे पीडीएफ पुष्कळदा नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख यांनी उघडतात. तुमचं नाव मला ठाऊक आहे, आणि जन्मतारीख मंडळाच्या सभासद नोंदवहीत आहे. ते कुलूप माझ्यासाठी कुलूप नाहीच.

बँक, रुग्णालय, सरकारी कचेरी साधीच मेल पाठवतात. तिचं काय?

तिला माझ्यापासून लपवता येत नाही. पाठवणाऱ्याने लखोटा वापरला नाही तर कार्ड माझ्या हातात पडणारच. काही सेवा आलेली साधी मेल तुमच्या सार्वजनिक किल्लीने लगेच बांधून ठेवतात. जुनी मेल नंतर चोरीला जाण्यापासून त्यामुळे बचावते, पण बांधण्याआधी क्षणभर ती उघडीच असते.

इथे मेल वाचण्याहून मोठा धोका आहे. बँक असो, डीमॅट असो, बऱ्याच ठिकाणी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की नवा पासवर्ड ठेवण्याचा दुवा मेलवर येतो. म्हणजे ज्याच्या हाती मेलबॉक्स, त्याच्या हाती बाकीची खाती. कृपा करून बँक, डीमॅट, आयकर आणि पेन्शन यांच्यासाठी मंडळाचा पत्ता देऊ नका. आधी दिला असेल तर बदला. दोन टप्प्यांची ओळख चालू करा, आणि दुसरा टप्पा मेलवर नव्हे, फोनवर घ्या. काही ज्येष्ठ सभासदांची खाती मी स्वतः बसून बदलून दिली आहेत, तुमचंही करून देईन.

एन्क्रिप्ट केल्यावर तुम्हाला काहीच दिसत नाही ना?

मजकूर दिसत नाही. बाकी पुष्कळ दिसतं: कोणी कोणाला लिहिलं, किती वाजता, किती मोठी मेल, किती वेळा, कुठल्या जोडणीवरून.

पूर्वी घरात कोणी गेलं की कळवण्याच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमनच्या हातात तसं कार्ड दिसलं की ते न वाचताच आळीत रडारड व्हायची. मेलचंही तसं आहे. एखादं जोडपं दोन वेगवेगळ्या वकिलांना आठवड्यातून चारदा लिहू लागलं, तर मला एकही अक्षर उलगडावं लागत नाही.

विषयाची ओळ तर जुन्या पद्धतीत सरळ उघडीच जाते. थंडरबर्ड ती लपवून तिच्या जागी तीन टिंबं टाकतो. समोरच्याचा प्रोग्राम जुना असेल तर त्यालाही टिंबंच दिसतात. म्हणून सवयच लावा: विषयात 'पत्र' एवढंच लिहा.

कोणाशी बोलता हेच लपवायचं असेल तर माझ्या सर्व्हरवरून बोलू नका, दुसरा मार्ग नाही. ये-जा नोंदी मी चार आठवड्यांनंतर पुसतो.

मेल माझ्याकडे उतरवून सर्व्हरवरून पुसली तर?

काही अंशी चांगलं. पण रात्रीच्या बॅकअपमध्ये ती जाऊन बसलेली असते, आणि बॅकअप माझ्याकडे असतात.

सर्व्हरची डिस्क एन्क्रिप्टेड आहे असं तुम्हीच सभेत सांगितलं होतं.

सांगितलं होतं, खरं आहे. पण त्याचा अर्थ मी तेव्हा नीट फोडून सांगितला नाही. डिस्क काढून कोणी पळवून नेली तर त्याला काही वाचता येणार नाही, इतकाच तो बंदोबस्त. सर्व्हर चालू असताना डिस्क उघडलेली असते, नाहीतर मेल चालणारच नाही. चालू सर्व्हरवर मी आहे. आणि सर्व्हर भाड्याचा असल्यामुळे तो जिथे ठेवला आहे तिथले कर्मचारीही, मनात आणलं तर, चालू यंत्राची प्रत काढू शकतात. मी तुम्हाला माहीत आहे, ते मलाही माहीत नाहीत.

तुम्ही आमच्या मेलमध्ये फेरफार करू शकता?

साध्या मेलमध्ये हो. आकडा बदलता येतो, ओळ गाळता येते, तुमच्या नावाने नवी मेलही घालता येते. सर्व्हर बाहेर जाणाऱ्या मेलवर डीकेआयएम नावाची सही करतो, पण ती सही 'हे या सर्व्हरवरून निघालं' एवढंच सांगते, आणि तिची किल्ली माझ्याकडेच आहे. 'हे काकूंनीच लिहिलं' हे सांगणारी सही त्यांच्या स्वतःच्या खाजगी किल्लीने होते. थंडरबर्डमध्ये 'एन्क्रिप्ट'च्या सोबतच 'साइन' आहे. पैशांचे व्यवहार मेलवर ठरवत असाल तर मजकूर लपवायचा नसला तरी सही कराच.

कायदा काय म्हणतो? तुम्ही वाचलीत तर आम्ही तक्रार करू शकतो ना?

करू शकता, आणि करावी. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या 43 आणि 66 व्या कलमांत परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल तरतूद आहे. सेवा देताना हाती आलेली वैयक्तिक माहिती करार मोडून, नुकसान करण्याच्या किंवा गैरलाभाच्या हेतूने दुसऱ्याला देणाऱ्याला 72-अ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पण या शेवटच्या कलमाचा भर उघड करण्यावर आहे. रात्री एकटा बसून वाचणारा आणि कोणाला काही न सांगणारा ॲडमिन पकडायचा कसा? त्याने वाचलं हेच तुम्हाला कळत नाही. कायदा हवा, पण तो घडून गेल्यावर येतो. लखोटा आधी कामाला येतो.

पोलीस किंवा सरकारी आदेश आला तर तुम्ही काय कराल?

आदेश कायदेशीर असेल तर माझ्याकडे जे आहे ते द्यावं लागेल, आणि मी देईन. याच कायद्याचं 69 वं कलम सरकारला मजकूर उलगडून मागण्याचा अधिकार देतं, आणि सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्याकडे ती मागितली जाऊ शकते, म्हणजे तुमच्याकडेही. हे पान तपासापासून पळण्यासाठी नाही, तुमच्या घरगुती गोष्टी माझ्यासारख्यांच्या हाती पडू नयेत म्हणून आहे.

पण एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या लाव्हाबिट या मेल सेवेकडे 2013 मध्ये तपास यंत्रणेने सर्व्हरची मूळ किल्लीच मागितली. चौकशी एका ग्राहकाची, पण त्या किल्लीने सगळ्यांचीच ये-जा उघडी पडणार होती. मालक लॅडर लेव्हिसन यांनी 8 ऑगस्ट 2013 ला सेवाच बंद केली. सगळ्यांच्या पेट्यांची किल्ली एका जागी असते तेव्हा असं होतं.

मग मोठ्या कंपनीची मेल घेतली तर बरं नाही का?

काही गोष्टींसाठी बरं, आणि हे मी मनापासून सांगतो. मोठ्या कंपनीत कोणी कोणाचं खातं उघडलं याच्या नोंदी राहतात, एकट्याच्या हाती सगळं नसतं. तरीही 2010 मध्ये गूगलने आपल्याच एका अभियंत्याला काढून टाकलं होतं, कारण तो ओळखीच्या अल्पवयीन मुलांच्या खात्यांत डोकावत होता.

तो ओळखीच्यांच्याच खात्यांत डोकावत होता, हे महत्त्वाचं. परक्या शहरातल्या परक्या ॲडमिनला तुमच्या दिराच्या वाटणीत काय रस? मी मात्र तुमच्या दिराला ओळखतो, त्यांच्याबरोबर पंक्तीला बसतो. वाटणी, सोयरीक, आजारपण यांसाठी मंडळाचं खातं वापरूच नका असं मी स्वतः सांगतो. त्याबद्दल मला वाईट वाटणार नाही.

प्रोटॉन, टूटा यांसारख्या सेवा आलेली मेल तुमच्या किल्लीने बांधून ठेवतात, म्हणून साठलेली मेल त्यांनाही वाचता येत नाही. बाहेरून साधी आलेली मेल बांधण्याआधी त्यांच्याकडेही क्षणभर उघडी असतेच, आणि 2021 मध्ये आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, द्यावा लागला होता. पण मजकुराच्या बाबतीत त्या माझ्यापेक्षा खूप पुढे आहेत.

ऑफिसच्या मेलवर हेच करू का?

नको. खाते कंपनीचं, बहुतेक वेळा लॅपटॉपही कंपनीचा, आणि लॅपटॉपवर कंपनीचा ताबा असेल तर किल्ली आणि पडदा दोन्ही तिच्या नजरेत. खाजगी काही तिथे लिहूच नका.

खाजगी किल्ली हरवली तर तुम्ही मेल उघडून द्याल ना?

नाही देऊ शकणार. हे आधी नीट समजून घ्या आणि मगच सुरू करा. मला उघडता येत नाही, हीच तर आपली अट होती.

किल्लीची प्रत पासवर्ड घालून दोन पेनड्राइव्हवर काढा. एक घरी, एक बहिणीकडे किंवा लॉकरमध्ये. जेल रोडवरून अगदी स्वस्तातले आणू नका. असा एक सहा महिन्यांत मुका झालेला मी पाहिला आहे. किल्ली रद्द करणारी फाइलही सोबत ठेवा, म्हणजे किल्ली चोरीला गेली तर जगाला कळवता येतं. आणि घरात एका तरी माणसाला पेनड्राइव्ह कुठे आहे ते सांगून ठेवा. तुमच्या माघारी मुलांना ती पत्रं वाचता यावीत की नाही, हे तुम्ही ठरवा. ठरवलं नाहीत तर ती कायमची बंद राहतील.

एन्क्रिप्टेड मेलही फुटते असं कुठेतरी ऐकलं.

2018 मध्ये 'ईफेल' नावाचा दोष उघड झाला होता. वाटेत बसलेला माणूस बांधलेल्या मेलभोवती चित्राचा दुवा गुंडाळायचा, आणि तुमचा प्रोग्राम ती उलगडून चित्र मागताना मजकूरच बाहेर पाठवायचा. प्रोग्राम नंतर दुरुस्त झाले. थंडरबर्ड अद्ययावत ठेवा, बाहेरची चित्रं आपोआप उघडणं बंद ठेवा, साध्या मजकुरात लिहा.

तुम्ही हे काम सोडलं तर?

कधीतरी सोडणारच. रूटचा पासवर्ड बंद पाकिटात मंडळाच्या कोषाध्यक्षांकडे आहे. नवा माणूस आला की जुन्या साध्या मेल आणि बॅकअप, सगळं त्याच्या हाती जाईल. तो कसा असेल ते मला सांगता येणार नाही. बांधलेल्या मेल त्याच्यासाठीही बंदच राहतील.

तुमची स्वतःची सार्वजनिक किल्ली कुठे मिळेल?

मेलवर मागा, पाठवतो. पण वापरण्याआधी ठसा जुळवून घ्या. मंडळाच्या कार्यालयात सूचनाफलकाच्या उजव्या कोपऱ्यात तो माझ्या हाताने लिहून लावला आहे, दहा चौकटींत. रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे असतो. येताना लॅपटॉप आणि एक पेन्सिल आणा.